नकाशातली भिंत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की एक छोटं विमान घरांवरून अगदी कमी उंचीवरून उडतंय. इतकं जवळून, की पायलटला दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. विमानाच्या शेपटीला लांब दांडा आहे आणि दांड्याच्या टोकात एक यंत्र. जमिनीखालच्या खडकांत थोडंफार चुंबकत्व असतं, कुठे जास्त, कुठे कमी. ते या यंत्राला वरूनच कळतं. शेत नांगरावं तसं विमान इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारतं आणि जमिनीखालचा नकाशा तयार होतो.

गंमत अशी, की सूर्याच्या लहरीनुसार सगळ्या पृथ्वीचंच चुंबकत्व दिवसभर कमीजास्त होत असतं. म्हणून तसलंच दुसरं यंत्र गावाबाहेरच्या माळावर एका जागी बसवून ठेवतात. वरच्याच्या आकड्यातून खालच्याचा आकडा वजा करायचा. उरेल ते खडकांचं. खालच्या यंत्राभोवती चुन्याचं रिंगण, आणि रिंगणात लोखंड आणायचं नाही, एवढा एकच नियम.

आता डोळे उघडा. भिंगरी आईच्या या गावातल्या तात्पुरत्या ऑफिसात, खुर्चीखाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. आई हे नकाशे वाचायची, आणि आज ती खुशीत होती. समोर उपग्रहातून काढलेला गावाचा फोटो लावला होता. त्यात घरं, रस्ते, आटलेला तलाव सगळं दिसत होतं. आईनं त्यावर आपला पारदर्शक नकाशा धरला, तर तलावाच्या पलीकडून एक लाल रेघ सरळ गेली. ही जमिनीखालची कठीण खडकाची भिंत, ती पाणीखात्याच्या साहेबांना समजावत होती, पाणी हिच्यामागे धरणासारखं अडतं. साहेब म्हणाले, मग उद्याच बोअरचं मशीन लावतो, टँकरची वाट बघून लोक टेकीला आलेत.

म्हणजे काम संपलं. संध्याकाळच्या गाडीनं घरी. घरी मांजरीला पिल्लं झाली होती आणि बाबांनी फोनवर बजावलं होतं, पिल्लांनी डोळे उघडायच्या आत पोचा.

“ही एका दुपारची फेरी,” आई रेघेवर बोट ठेवून म्हणाली. “सूर्य जरा खोडसाळपणा करत होता. खालच्या यंत्राचा आकडा मध्येच हलला. पण वजाबाकी केली आणि ही भिंत उभी राहिली.”

भिंगरीच्या हातातली नाडी तशीच राहिली.

ती दुपार तिला चांगली आठवत होती. सर्वेची गाडी पोंपोंकाका चालवायचे. गाडीचा हॉर्न कधीचा बिघडलेला, म्हणून ते खिडकीतून डोकं काढून तोंडानंच पों करायचे. त्या दुपारी ते तिला घेऊन यंत्राची बॅटरी बदलायला माळावर गेले होते. पाय भाजतात म्हणून तिनं भुणभुण लावली. माळावर झाड एकच, तेही रिंगणाच्या आत. काका म्हणाले होते, घटकाभर लावू सावलीत, यंत्राला कुठे डोळे आहेत. गाडीत बसून दोघांनी पेरू खाल्ले. डोक्यावरून विमान घरघरत गेलं. मग काकांनी चाकाखाली पुसलेला चुना पायानं सारखा केला.

सांगितलं तर घर लांबलं. काकांना बोलणी बसणार ते वेगळंच. भिंगरीनं नाडी घट्ट ओढून गाठ मारली. साहेबांनी मशीनवाल्याला फोन लावला, पत्ता सांगितला, आणि निघताना वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या आईनं आमच्या गावाची तहान भागवली बघ, म्हणाले.

“आई,” भिंगरी खुर्चीखालूनच म्हणाली, “तो सूर्य नव्हता. आमची गाडी होती.”

आई रागावली नाही. तिनं आधी गाडी कुठे लावली होती ते विचारलं, मग किती वेळ. पेरू संपेपर्यंत, भिंगरी म्हणाली. काकांनी दोन खाल्ले, मी एक, पण माझा मोठा होता. साहेबांना हसू आलं आणि लगेच विरलं. सामान न्यायला वर आलेले काका दारातच थबकले होते. गाडी मीच लावली ताई, ते म्हणाले, पोरीचे पाय भाजत होते.

“म्हणजे भिंत नाहीच?” साहेबांनी विचारलं.

“माहीत नाही. असेलही, नसेलही,” आई म्हणाली. “उद्या पुन्हा उडून बघू. तोवर तिथे भोक पाडू नका.”

साहेब मशीनवाल्याला पुन्हा फोन लावत जिना उतरले. आईनं पायलटला कळवलं. तो म्हणाला, हरकत नाही, आता त्या दोरीवरचे कपडेसुद्धा मला ओळखतात. मग ती बाबांशी बोलायला गॅलरीत गेली. काय बोलणार ते भिंगरीला ऐकायचं नव्हतं. ती खाली उतरली.

काका गाडीची काच पुसत होते. काच स्वच्छच होती. तिच्याकडे त्यांनी पाठ केली होती आणि पों म्हणाले नाहीत.

कुंपणाशी फुटक्या विटांचा ढीग पडला होता. उद्या विमान वर असताना गाडी इथून हलायला नको. त्यातली एक वीट भिंगरीनं दोन्ही हातांनी उचलून आणली आणि गाडीच्या पुढच्या चाकाखाली सारली. मग दुसऱ्या चाकाखाली एक. तिसरी उचलताना तिला धाप लागली.

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं, ढिगाकडे गेले आणि त्यामागचा एक भला मोठा धोंडा घेऊन आले. तिच्यापुढे ठेवला. भिंगरीनं तो लोटत नेऊन मागच्या चाकाला लावला, आणि हलतो का ते पायानं ढकलून बघितलं.