लाल टॅग

दौलतरावांनी सर्व्हरच्या स्क्रीनवर लाल टॅग चिकटवला आणि तो सरळ लागलाय की नाही, ते दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"हे मॉड्यूल शुक्रवारच्या आत काढून टाका, मॅडम. सहा महिन्यांत एकदाही वापरलेलं नाही."

सर्व्हरची देखभाल स्वरूपाकडे होती. चाकणच्या या कंपनीत ब्रेकचे सुटे भाग बनत. सहा महिने न वापरलेल्या वस्तूला लाल टॅग लावायचा आणि ती भंगारात काढायची, असा कंपनीचा नियम होता. नियम तसा चांगलाच. त्याच्यामुळे गंजलेले पाने आणि मोडक्या ट्रॉल्या गेल्या, चालायला वाट झाली. पण प्लांट मॅनेजर दौलतराव या मोहिमेचे प्रमुख झाले आणि त्यांना टॅग लावायला वस्तू पुरेनात. पाहुण्यांच्या खुर्च्या गेल्या, कॅन्टीनमधली जादा ताटं गेली. शुक्रवारी मोठ्या गिऱ्हाईकाचा ऑडिटर प्लांट तपासायला येणार होता आणि प्लांटमध्ये हात लावण्याजोगं काही उरलं नव्हतं. तेव्हा दौलतराव सर्व्हर रूममध्ये शिरले.

कंपनीच्या वेब सर्व्हरला चाळीसेक मॉड्यूल जोडलेली होती. एक पासवर्ड तपासायचं, एक आल्यागेल्याची नोंद ठेवायचं, प्रत्येकाची ड्युटी ठरलेली. टॅग लागला होता तो मात्र बसून असणाऱ्यावर. वेब सर्व्हरमागचा मुख्य सर्व्हर बंद पडला, तर सगळं काम शेजारच्या राखीव सर्व्हरकडे वळवायचं, एवढीच त्याची कामगिरी. ट्रकचे गेटपास याच वेबसाइटवरून निघत. पास नाही तर ट्रक नाही, आणि ट्रक नाही तर गिऱ्हाईकाच्या कारखान्यातली लाइन बंद.

"सर, मुख्य सर्व्हर पडला नाही, म्हणून ते चाललं नाही," स्वरूपा म्हणाली.

"म्हणजे वापर शून्य. मी तेच म्हणतोय."

तीन वर्षं ती कॉन्ट्रॅक्टवर होती. रोज तळेगावहून स्कूटरवर धूळ खात यायची. तिला कायम करण्याचं पत्र टाइप होऊन दौलतरावांच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं, फक्त सही राहिली होती. नाही म्हणावं तर सही गेली. हो म्हणावं तर ज्या दिवशी सर्व्हर बसेल, त्या दिवशी तिचीच मान सापडणार.

तिची नजर दाराजवळच्या सिलिंडरकडे गेली. आग विझवायचा लालभडक सिलिंडर. तिला एकदम धीर आला.

"सर, तो सिलिंडर शेवटचा कधी वापरला होता?"

दौलतरावांनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पटलं बहुतेक, असं तिला वाटलं.

"खरंच की!" ते म्हणाले. "नजर बारीक आहे हं तुमची." आणि खिशातून दुसरा टॅग काढून त्यांनी तो सिलिंडरला लावला.

आता या माणसापुढे काय कपाळ फोडायचं? स्वरूपाने डबासुद्धा उघडला नाही. जेवणाच्या सुट्टीत गेटवर एकही ट्रक नाही, याची तिने खात्री केली, मनातल्या मनात कुलदैवताला हात जोडले आणि मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद केला.

दोन सेकंद काहीच झालं नाही. मग ते आळशी म्हणून बदनाम झालेलं मॉड्यूल जागं झालं आणि राखीव सर्व्हरने गेटपासचं पान उघडून दिलं. तिला इतका आनंद झाला, की मिनिटभर ती नुसती त्या पानाकडे बघत बसली. मग तिने मुख्य सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि नोंदीचा कागद छापून दौलतरावांपुढे ठेवला.

"वापर झाला, सर. आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी."

"कसा काय?"

"मी चालवून पाहिलं."

"एकदा चालवलं की वापरात धरायचं?"

"नियमाप्रमाणे धरावंच लागेल, सर."

दौलतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी सर्व्हर रूममध्ये येऊन स्वतःच्या हाताने स्क्रीनवरचा टॅग काढला आणि जाता जाता सिलिंडरवरचाही काढून घेतला. चला, उशिरा का होईना, माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला, असं म्हणत स्वरूपाने एकदाचा डबा उघडला.

शुक्रवारी ऑडिटर सगळा प्लांट फिरला. बिनवापराची एकही वस्तू सापडली नाही. शंभरपैकी शंभर! दौलतरावांना ढाल मिळाली, टाळ्या झाल्या आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी स्वरूपाच्या पत्रावर सही ठोकली.

पत्र पर्समध्ये जपून ठेवून ती संध्याकाळी गेटवर आली. वॉचमन चिमाजी रुमालाने मिशा पुसत होते. मिशा, टोपी, बूट, सगळं पांढरंफेक.

"चिमाजीकाका, हे काय? पिठाच्या गिरणीत गेला होतात की काय?"

"न्हाई वो ताई. कालपासनं शिलिंडर चालवतोय. सायबांची ऑर्डर हाय, समदे वापरात दिसाय पायजेत. बत्तीसच्या बत्तीस मोकळे केले, पार पावडर संपेपातुर."

युक्ती स्वरूपाचीच होती. पर्समधलं पत्रही त्याच युक्तीचं.

"काका, मग ते पुन्हा भरायला कधी पाठवणार?"

चिमाजींनी तिच्याकडे पाहिलं. एवढी शिकलेली पोर, आणि हिला इतकं साधं कसं कळत नाही, असा चेहरा झाला त्यांचा.

"भरायचं कशापायी? सायेब म्हनले, भरले की परत बिनवापराचे व्हतील."