पांघरलेलं कातडं

कातडं आज काढायलाच हवं होतं. उन्हानं त्याला वास सुटला होता, आणि कोकरू कुठंही गेलं की मागून माश्यांची वरात निघत होती.

आष्टीच्या अलीकडं, माळावरच्या त्या घरात भर दुपारी केसरबाई दावणीपाशी कात्री घेऊन बसली आणि तिनं सुनेला हाक मारली.

"संगीता, धर गं ह्याला. गच्च धर."

संगीतानं कोकरू मांडीत दाबलं. कोकरू होतं काळं, पण त्याच्या पाठीवर पांढरी लोकर होती. ती दुसऱ्याची. पांढऱ्या मेंढीचं कोकरू जन्मल्या दिवशीच गेलं होतं, आणि त्याच दिवशी काळी मेंढी व्यायताना मेली, तिचं हे मागं राहिलं. एकीकडं दूध होतं, एकीकडं भूक. पण मेंढी परक्या कोकराला ढुशी मारून लांब उडवायची. तेव्हा केसरबाईनं मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, पायांसाठी भोकं पाडली आणि बंडी घालावी तसं ते या पोरक्याच्या अंगात घातलं. मेंढीनं हुंगलं, आपलंच समजून पाजलं.

त्या दिवशी संगीता तोंड फिरवून उभी राहिली होती.

"मेल्याचं कातडं जित्याला घालायचं? पाप न्हाई का, आत्याबाई?"

"पोटाला पाप-पुण्य कळत न्हाई. आन् तुला कशाची शिसारी? तूबी तेच करतीस की."

केसरबाई हे कुजकटपणानं बोलली नव्हती. भाजीत मीठ कमी झालंय, असं सांगावं तशी बोलली होती. म्हणून तर ते जास्त लागलं.

कारण संगीताच्या अंगावरची हिरवी साडी तिच्या थोरल्या बहिणीची होती. मनिषा तापानं गेली, मागं तीन वर्षांची संस्कृती राहिली. लेकरू परक्या बाईच्या हाती कसं द्यायचं म्हणून दोन्हीकडच्या मोठ्यांनी संगीताची गाठ मनिषाच्याच नवऱ्याशी, अजिनाथशी, बांधून दिली. तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी पोरीच्या तोंडाकडं बघून ती हो म्हणाली असती, ही गोष्ट वेगळी. पहिल्या रात्री पोर रडून रडून निळी पडली, तेव्हा केसरबाईनं पेटीतून ही साडी काढून तिच्या हातात दिली. "नेस. आन् धुऊ नको." पोर पदरात नाक खुपसून झोपली. तेव्हापासून साडी तीच. 'मावशी' हा शब्दही घरात बंद झाला. आई म्हणायचं, असं केसरबाईनं पोरीला बजावलं, आणि पोर म्हणायला लागली.

संगीता थकली होती. कामाचं तिला काही नव्हतं, माहेरी काय पाळण्यात बसवून ठेवलं नव्हतं. पण दिवसभर दुसरीच्या अंगात राहायचं, याचा शीण झोपेनंही जात नाही. अजिनाथसुद्धा अंधारात पदर हुंगायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा.

केसरबाईनं पोटाखालून कात्री चालवली. कातडं चिकटलेलं, करकरत निघालं. आतून काळं कोकरू बाहेर पडलं, ओलसर, हाडकुळं, स्वतःचं.

"आता बघू. घेतलं तर घेतलं. न्हाई तर बाटलीनं पाजायचं, आन् तेबी न्हाई जमलं तर बाजार."

कोकरू लटपटत मेंढीकडं गेलं. मेंढीनं त्याच्या शेपटाखाली नाक घातलं आणि डोकं खाली केलं. आता ढुशी बसणार म्हणून संगीतानं डोळे मिटले. उघडले तेव्हा मेंढी मागचे पाय फाकवून शांत रवंथ करत होती आणि कोकराचं शेपूट भिरभिर हलत होतं.

"घेतलं की वो!"

"घेनारच. एवढे दिस तिचंच दूध प्यालंय. आता त्याच्या अंगाला तिचाच वास लागला. कातडं निस्तं सुरवातीला लागतं."

केसरबाई कातडं घेऊन उकिरड्याकडं गेली. संगीता तिथंच बसली. मग तिनं पदर नाकाशी नेला. गोवऱ्यांचा धूर, मेंढरं, आणि तिचा स्वतःचा घाम. मनिषा त्यातून केव्हाच निघून गेली होती. मग पोर रोज झोपते ती कुणाच्या वासावर? या घरात आल्यापासून पहिल्यांदा संगीताला हसू आलं.

ती आत गेली. आईनं दिलेली पिवळी साडी तिनं पेटीतून काढली आणि नेसली. हिरवीची घडी घालून बाजेवर ठेवली. केसही आपल्या पद्धतीनं विंचरले. मग उंबऱ्यात उभी राहिली. संस्कृती ओसरीवर मोबाइलवर कार्टून बघत होती, डोळे पेंगुळलेले.

"ये बाळा. झोपायचं ना?"

पोरीनं वर बघितलं. रडली नाही, दचकली नाही. मोबाइल खाली ठेवून उठली आणि सरळ संगीताकडं यायला लागली. संगीतानं खाली बसून दोन्ही हात पसरले.

पोर तिच्या हाताखालून आत शिरली. बाजेवरची हिरवी साडी ओढली, दोन्ही हातांनी फरफटत आणली आणि संगीताच्या मांडीवर टाकली.

"अगं, मी आईच हाय ना तुझी?"

पोरीनं मान हलवली. मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तितक्या सावकाश.

"तू मावशी हायस," ती म्हणाली. "आईची साडी नेस ना. मला झोप आली."