आमदारांच्या गळ्यात वीणा
या माउली, जवळ बसा, उलवे गावातली गोड गोष्ट सांगते. युद्ध पेटलं होतं आणि देवळात सप्ताह चालला होता. आमदार फोटोसाठी वीणा गळ्यात घालून गरजले, "घरटी एक फौजी द्या!" मग निघायला वळले, पण सप्ताहातली वीणा खाली ठेवत नाहीत, दुसऱ्यानं घ्यावी लागते. कोणीच हात पुढे करेना. फौजीची आई पुतळामावशी हसली, "आमदार, माझा पोरगा पन सीमेवर असाच उभा हाय. त्याच्या जागी तुमच्या घरचं कोन?" आमदारांची मुलगी ऋता वीणा घ्यायला पुढे आली. "मी, बाबा. लष्कराची परीक्षा पास झालेय, तुम्हीच अडवलंय." वीणा देताना पाया पडायची रीत, बाप लेकीपुढे वाकला. "जा, बाळा. पण आईला तूच सांग!" देऊळभर हशा पिकला. माउली, सांजवात लावाल तेव्हा ऋताला आठवा. ती हल्ली बर्फात पहारा देते.