थांबलेली सुरई

जेवण उरकलं की यजमानाने पोर्ट वाइनची सुरई डावीकडे सरकवायची. मग ती हातोहात टेबलाला फेरी घालून त्याच्या उजव्या हाताशी परत यायची. मध्येच कुणी अडवायची नाही, अशी आर्डक्लोन घराण्याची रीत होती.

युद्ध संपवून जनरल लॉर्ड आर्डक्लोन आयर्लंडला घरी परतले, तेव्हा त्या लांबलचक टेबलाशी ते एकटेच उरले होते. तरी सवयीने ते सुरई डावीकडे सरकवत आणि खिडकीबाहेरच्या हिरवळीकडे बघत बसत. जरा वेळाने सुरई उजव्या हाताशी आलेली असे, थोडी रिकामी होऊन.

त्यांना भीती वाटत नसे. मुलाच्या, जेरल्डच्या मृत्यूची तार आली तेव्हाही त्यांना काही वाटलं नव्हतं. त्याच्या तुकडीला पुढे धाडण्याचा हुकूम त्यांचाच होता.

"जेवणारे तुम्ही एकटे आणि खरकटे ग्लास ढीगभर!" म्हातारा बटलर गिल्फॉयल रोज कुरकुरे. "धुऊन धुऊन माझे हात सोलले, साहेब."

"पाहुण्यांचे ग्लास मोजू नयेत, गिल्फॉयल."

आज मात्र सुरई परत आली नाही. जेरल्डच्या खुर्चीपुढे ती थांबली होती. बाहेर अजून लख्ख उजेड होता. लॉर्डसाहेबांनी बराच वेळ वाट पाहिली.

"गिल्फॉयल, ती इकडे आण."

गिल्फॉयलने आधी एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी.

"सोडत नाहीत, साहेब."

"सोड म्हणावं."

गिल्फॉयलने हात मागे घेतले आणि ते कोटाला पुसले.

"तुम्हीच सांगा. ते तुमचंच ऐकतात."