रशियाची डॉक्टरीण

पालीच्या गोदूबाईची नात नेत्रा रशियात डॉक्टर झाली. इथली परीक्षा तिसऱ्या खेपेला पास होऊन तिला परवाना मिळाला, तशी ती आजीला घेऊन सिल्व्हर पार्कच्या एका नर्सिंग होममध्ये नोकरी मागायला गेली.

गिऱ्हाईक शिळा बोंबील उचलतं तसं मालक डॉक्टरांनी तिचं सर्टिफिकेट दोन बोटांत धरलं.

"तिकडे पैसे भरले की गाढवही डॉक्टर होतं. माझ्या पेशंटला तू हात लावायचा नाही."

गोदूबाई ताडकन उठली. "चल गो बाय. याच्या दारात आपलं काय काम न्हाय."

दोघी जिन्यापर्यंत पोचल्या, तोच डॉक्टर मागून धावत आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले,



"आमचा मुलगा विकी यंदाही नीटच्या परीक्षेत काठावरच पास झालाय, इथे सीट मिळत नाही. तुझ्या त्या कॉलेजात त्याचं काही जमेल का गं?"