जोडायची राहिलेली केबल

आत्याच्या स्टुडिओतले सगळे फोटो बाहेरच्या खोलीतल्या सर्व्हरवर होते. ते आतल्या कॉम्प्युटरवर दिसले नाहीत, तर आजची छपाई बोंबलणार होती. भाचीने सर्व्हरसमोरच्या खुर्चीत बसून ऐटीत फोल्डर शेअर केला, परवानग्या दिल्या, पासवर्ड टाकला.

“दिसतंय का गं, आत्या?”

“दिसतंय की! गुणाची पोर गं माझी!”

भाची अशी काही फुशारली! मग तिचं लक्ष गेलं. नेटवर्कची केबल अजून तिच्या हातातच होती. जोडायची राहूनच गेली होती.

“आत्या, नक्की काय दिसतंय?”

“बाहेरच्या खोलीचा फोटो. सर्व्हर आहे, रिकामी खुर्ची आहे. केबल मात्र हवेतच लटकतेय. कधी काढलास हा?”

“मी नाही काढला!”

“अगं, बोल की. गप्प का झालीस?”

“आत्या, मी बोलतेय!”

आत्या दारात आली, तिची नजर भाचीच्या आरपार खुर्चीवर गेली, आणि भाचीच्या हातातल्या केबलकडे बघून ती किंचाळली.