रंगाचे दोन हात

भीमजयंतीच्या मिरवणुकीचा रथ दरसाल दत्तूच्या जुन्या ट्रॅक्टरनेच ओढायचा, असा वज्रेश्वरीजवळच्या त्या गावाचा शिरस्ता होता. यंदा दत्तूने हौसेने अख्ख्या ट्रॅक्टरला निळा रंग मारला आणि नेमका मिरवणुकीच्या सकाळी स्टार्टर नुसता ‘टक’ करून गप्प बसला. शेजाऱ्याच्या जीपची बॅटरी लावून पाहिली, तरी तेच. “काका, भिवंडीहून भाड्याचा मागवतो,” मंडळाचा नरेंद्र फोन काढत म्हणाला. दत्तूचं तोंडच उतरलं. त्याची बायको शैला ट्रॅक्टरकडे बघत म्हणाली, “अवो, रंगाच्या आधी तर एका दमात चालू व्हायचा. रंगानंच काय तरी घोळ केलाय.” दत्तू चमकला. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथे ट्रॅक्टरच्या लोखंडाला बोल्टने कसतात, तिथेही त्याने वायर सोडवून रंगाचे दोन हात दिले होते. रंगातून करंट जाणार कसा? बोल्ट खोलून, लखलखीत लोखंड दिसेपर्यंत त्याने आपलाच रंग पॉलिश पेपरने घासून काढला. वायर परत कसली, बटण दाबलं आणि ट्रॅक्टर धडधडत जागा झाला. “भाड्याचा कॅन्सल!” नरेंद्र ओरडला. मिरवणूक वाजतगाजत निघाली. दुपारी सगळे बुद्धविहारापाशी जेवायला थांबले, पण दत्तू काही ट्रॅक्टर बंद करेना. “इश्वास न्हाय का त्याच्यावर?” शैलाने विचारलं. “हाय ना. पन आज कशाला पारखायचा?” शैला खळखळून हसली, ताट घेऊन मडगार्डवर चढली, आणि त्या धडधडीतच दोघं एका ताटात जेवली.